शुश्रूषागृहाची पारख

तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली म्हणजे आपण समजतो, की एखाद्या डॉक्टरांचा खाजगी दवाखाना असेल, दहा-वीस खाटा असतील, बाळंतपणे होत असतील. इंग्लंड-अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा होऊन बसला आहे. वार्धक्याने किंवा दुखण्याने जे अंथरुणाला खिळले, ज्यांचे करणारे घरी कोणी नाही, किंवा आहे पण त्याला झेपत नाही, अशांनी उरलेले दिवस काढायचे ठिकाण म्हणजे नर्सिंग होम. मी त्याला शुश्रूषागृह म्हणतो. या घरांचा सबंध इतिहास आज सांगायचा नाही. त्यातला एकच प्रश्न घेतो. आतल्या माणसांचे नीट होते आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाने ओळखावे कसे?

प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण शिक्षकमंडळींना त्यातली मेख चटकन कळेल. पूर्वी दिपोटीसाहेब येणार अशी वर्दी लागली, की आठ दिवस आधी शाळा सारवून निघे, भिंतींना चुना लागे, हजेरीपट जुळवून ठेवले जात आणि हुशार पोरे पुढच्या रांगेत बसवली जात. साहेब शेरा लिहीत, शाळा समाधानकारक आहे. त्या शेऱ्यात खोटे असे काही नसे. फक्त मागच्या रांगेतल्या पोराला वाचता येते का, एवढेच त्यात नसे. शुश्रूषागृहांच्या तपासणीची हकिगत ही बव्हंशी त्या मागच्या रांगेपर्यंत जाऊन पोचण्याची हकिगत आहे, आणि ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

सुरुवात लढाईपासून करावी लागते. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिका बरोबर घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. हातात दिवा घेऊन रात्री फिरणाऱ्या नाइटिंगेलबाई आपल्या सर्वांना क्रमिक पुस्तकातून ठाऊक आहेत. पण त्या दिव्यामागची एक गोष्ट धड्यात सहसा येत नाही. बाई आल्या, स्वच्छता झाली, खाणे सुधारले, आणि तरी त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेले आरोग्य-कमिशन येऊन पोचले. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, पाण्याची वाट मोकळी केली. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

म्हणजे जीव ओतून शुश्रूषा करणाऱ्या माणसालाही आपल्या पायाखाली काय आहे ते दिसले नव्हते. लढाई संपल्यावर विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीने बाईंनी सगळे कागद पुन्हा मांडले, तेव्हा हे त्यांच्या ध्यानात आले. कागद तरी कसले? स्कुटारीत मृत्यूंची नोंद तीन ठिकाणी होत असे आणि तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळत नसत. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला, की सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्या. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी तसा नमुना मांडलाही. (याच बाईंचा पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता आणि आपल्या मुलखातल्या खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल त्यांनी बरेच लिहिले. पण तो एका वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

आता आकडे आले, की वाद आलेच. १८६३ साली बाईंच्या रुग्णालयांवरील पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली. तीत फारने काढलेल्या एका कोष्टकात लंडनच्या चोवीस रुग्णालयांतले मृत्यूचे प्रमाण शेकडा नव्वदच्या वर दिले होते. डॉक्टर मंडळी खवळली. शंभरातले नव्वद मेले असते तर लंडनमध्ये रुग्णालयाची पायरी कोण चढला असता? भानगड भागाकारात होती. समजा, एका दवाखान्यात दहा खाटा आहेत. वर्षभरात शंभर रोगी येऊन गेले आणि त्यांतले नऊ दगावले. नऊला शंभराने भागा, उत्तर येते शेकडा ९. पण एखादा दिवस धरून त्या दिवशी खाटांवर असलेल्या दहा माणसांनी भागा, म्हणजे तेच प्रमाण शेकडा ९० होते! फारने दुसरा भागाकार केला होता. गणित दोन्हीकडे बिनचूक, मृत्यूही तेवढेच. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शहरातल्या रुग्णालयात अत्यवस्थ माणसे येतात आणि लहान गावच्या रुग्णालयात साध्या दुखण्याची. मग दोघांना एकाच तराजूत घालायचे कसे? हा प्रश्न शुश्रूषागृहांच्या बाबतीत पुढे फार अवघड होऊन बसला, म्हणून तो लक्षात ठेवावा.

रुग्णालय हे बरे होऊन घरी जायचे ठिकाण. जो बरा होणारच नाही अशा गरीब म्हाताऱ्याला तिथे जागा नसे. तो जाई वर्कहाउसात. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने ही कामघरे बांधली गेली. हेतू असा, की निरुद्योग्याला तिथे राहणे नकोसे वाटावे आणि त्याने काम शोधावे. प्रत्यक्षात ती भरली म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी आणि पोरक्या मुलांनी. त्यांची सेवा कोण करी? त्याच घरातल्या, हातपाय थोडेफार चालणाऱ्या कंगाल बाया. पगार नाही, वाढीव जेवण आणि वर थोडी दारू हा मेहनताना. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांच्यातल्या पुष्कळजणींना वाचता येत नसे.

या घरांवर देखरेख नव्हती असे मुळीच नाही. पंचांचे मंडळ होते, सरकारी तपासनीस होते, जाडजूड वह्या होत्या. पंचांना काळजी मुख्यतः करदात्यांच्या पैशाची, आणि वह्या त्याच बेताने लिहिलेल्या. १८५३ साली लुइझा ट्वायनिंग नावाची एक बाई ओळखीच्या एका म्हातारीला भेटायला लंडनच्या स्ट्रँड भागातल्या वर्कहाउसात गेली. चहाच्या सुप्रसिद्ध पेढीच्या घराण्यातली ही बाई. आत पाहिलेले तिला सहन झाले नाही. इतर बायकांनाही नेमाने भेटीला येऊ द्यावे म्हणून तिने खटपट सुरू केली, तेव्हा पंचांनी खळखळ केली. बाहेरच्यांनी आत येऊन कशाला पाहायचे, हा त्यांचा सूर. शेवटी १८५८ साली वर्कहाउस भेट-मंडळ स्थापन झाले. माझ्या मते शुश्रूषागृहाची पहिली खरी तपासणी हीच. त्या बायांपाशी अधिकार नव्हता, तक्ता नव्हता. त्या खाटेपाशी बसत आणि बोलत, एवढेच.

पुढे १८६५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने आपल्या खर्चाने डॉक्टरांचे एक कमिशन नेमून लंडनमधल्या वर्कहाउसांचे आजारी-विभाग पाहून घेतले. दर माणशी हवा किती, रात्री जागे कोण असते, पगारी परिचारिका किती, औषध देतो कोण, असे नेमके प्रश्न त्यांनी विचारले आणि जे दिसले ते जागेच्या नावानिशी छापले. नावे छापली जाताच लोक हलले. १८६७ साली लंडनपुरता नवा कायदा झाला आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या इमारती बांधायला सुरुवात झाली.

मधली साठ-सत्तर वर्षे मी भराभर ओलांडतो. १९२७ साली इंग्लंडात खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आला. आपल्याकडचा १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा त्याच वळणाचा आहे: जागा योग्य आहे का, पात्र माणसे नेमली आहेत का, हे पाहून नोंदणी करायची, आणि पुढे अधिकाऱ्याने तपासायला यायचे. १९४८ साली इंग्लंडात जुना गरीब-कायदा साफ रद्द झाला. मंत्री अन्युरिन बेव्हन यांचे म्हणणे असे, की वर्कहाउसे जावीत, पंचवीस-तीस माणसांची लहान घरे यावीत, आणि म्हाताऱ्याने तिथे पैसे मोजून हॉटेलातल्या पाहुण्यासारखे राहावे. कल्पना मोठी छान होती.

दहा वर्षांनी पीटर टाउनसेंड नावाचा तिशीतला एक समाजशास्त्रज्ञ या कल्पनेचे काय झाले ते पाहायला निघाला. त्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ संस्था पाहिल्या. सरकारी, धर्मादाय, खाजगी, सगळ्या प्रकारच्या. हजारो म्हातारी माणसे अजून त्याच जुन्या इमारतीत होती. पाटी तेवढी बदलली होती. टाउनसेंडने चालकांच्या मुलाखती घेतल्या, नव्याने दाखल झालेल्या शेकडो वृद्धांशी बोलणे केले, छायाचित्रे काढली. त्याचे समाधान होईना. तेव्हा अशाच एका संस्थेत त्याने काही दिवस सेवक म्हणून नोकरी केली आणि म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. चालकाच्या खोलीत चहा घेताना जे कळत नाही ते न्हाणीघरात कळते. एकामागून एक किती जणांना उरकायचे, दार लावायचे की उघडे ठेवायचे, टॉवेल कोणाचा कोणाला, या गोष्टी कोणत्याही वहीत नसतात.

१९६२ साली त्याचे ‘द लास्ट रेफ्यूज’ हे पुस्तक निघाले. त्यात त्याने संस्थांना गुण देण्याची एक पद्धत बसवली. इमारत आणि सोयी, सेवकवर्ग, हे तर त्यात होतेच. पण हिंडाफिरायची आणि हाताला उद्योगाची सोय आहे का, रोजच्या जगण्यात मोकळीक किती, बाहेरच्या माणसांशी संबंध राहतो का, यांनाही त्याने गुण ठेवले. उठायचे केव्हा, झोपायचे केव्हा, हे म्हातारा ठरवतो की घंटा? स्वतःच्या चार वस्तू ठेवायला त्याला कुलपाचे कपाट आहे का? सरकारी तपासणीत ज्या गोष्टी किरकोळ म्हणून गळत, त्या टाउनसेंडने तक्त्यात आणून बसवल्या. त्याची कामगिरी मोठी ती इथे. त्याला असे दिसले, की पुष्कळ घरांत माणसे स्वच्छ होती, पोटभर जेवलेली होती, आणि दिवसभर भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर कोणाशी न बोलता बसून होती.

आणखी एक गोष्ट त्याने पुढे आणली. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटले की कीर्तनकारापासून पारावरच्या माणसापर्यंत सगळे मुलांना शिव्या देऊन मोकळे होतात. त्या घरांतल्या वृद्धांत अविवाहित, अपत्यहीन, जोडीदार गमावलेली माणसे गावातल्या प्रमाणापेक्षा फार अधिक आहेत, असे टाउनसेंडच्या पाहणीत आढळले. पुष्कळांना मुळात टाकायलाच कोणी नव्हते. अनेकांचा आजारही मोठा नव्हता. राहते घर सुटले, एवढेच. तेव्हा अशी मोठी घरे बंद करून लोकांना स्वतःच्या किंवा जवळच्या लहान घरात मदत पोचवावी, असा सल्ला त्याने दिला. तो सल्ला निम्माशिम्मा मानला गेला.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे हा धंदा फार मोठ्या प्रमाणावर वाढला, म्हणून तपासणीचे डाव-प्रतिडावही तिथेच अधिक पाहायला मिळतात. २३ नोव्हेंबर १९६३ च्या पहाटे ओहायो राज्यात फिचव्हिल इथल्या एका शुश्रूषागृहाला आग लागून ६३ वृद्ध मृत्यू पावले. आदल्याच दिवशी अध्यक्ष केनेडींचा खून झालेला, त्यामुळे ती बातमी देशभर कोणाच्या लक्षातही आली नाही. दोन वर्षांनी, १९६५ साली, वृद्धांच्या आणि गरिबांच्या उपचाराचा खर्च सरकार सोसू लागले. सरकारचा पैसा आला, तशी घरे पटापट निघाली. पैसा सरकारचा म्हटल्यावर तपासणीही सरकारची आली.

१९६६ साली अवेदिस डोनाबेदियन या बैरूतमध्ये जन्मलेल्या आर्मेनियन डॉक्टराने उपचाराचा दर्जा मोजण्याविषयी एक निबंध लिहिला. जगभर आजही त्याचा हवाला देतात. त्याचे म्हणणे शेतीच्या भाषेत सांगतो. शेतकरी कसा आहे हे तीन ठिकाणी पाहता येते. एक, त्याच्याजवळ बैल, अवजारे, बी-बियाणे काय आहे. दुसरे, मशागत कशी करतो. तिसरे, पीक किती आले. रचना, प्रक्रिया आणि फळ. शुश्रूषागृहात पंचाईत होते ती तिसऱ्याची. इथले पीक मोजायचे कसे? आलेला प्रत्येकजण वर्षागणिक थकतच जाणार. फारच्या कोष्टकावर डॉक्टरांनी घेतलेली हरकत इथे दुपटीने लागू पडते: ज्या घराने जास्त आजारी माणसे घेतली, त्या घरात मृत्यू जास्त होणार. म्हणून जाणकार काही विशिष्ट खुणा शोधतात. उदाहरणार्थ, पाठीला किंवा कमरेला पडलेली जखम. आपण होऊन न हलणाऱ्या रोग्याला ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावी लागते. ती दिली नाही, की हाडावरची कातडी दबून सडते. एखाद्या घरात अशा जखमा वाढत चालल्या, तर रात्री तिथे उठून कोणी फिरकत नाही असा संशय घ्यायला जागा असते, मग वहीत काहीही लिहिलेले असो.

सरकारी तपासनीस मात्र बैल आणि अवजारे मोजत राहिला. कोलोराडोतल्या काही वृद्धांनी १९७५ साली या प्रकारावर दावा लावला. तो ‘स्मिथ विरुद्ध हेक्लर’ या नावाने १९८४ साली वरिष्ठ न्यायालयात निकालात निघाला. निकालपत्रात तपासणीच्या तक्त्याचा हिशेब आला आहे. तक्त्यात प्रश्न होते ५४१. त्यांतले रोग्याकडे नजर टाकून उत्तर द्यावे लागेल, किंवा त्याच्या सेवेशी जेमतेम संबंध असेल, असे प्रश्न होते ३०! बाकीचे पाचशे अकरा प्रश्न कागदांचे आणि इमारतीचे. घराला सेवा करणे शक्य आहे का एवढे पाहून सरकारला थांबता येणार नाही, सेवा प्रत्यक्ष मिळते का ते पाहणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले.

याच सुमारास, १९८५ साली, शुश्रूषागृहांच्या सुधारणेसाठी झगडणाऱ्या एका नागरिक-संघटनेने सरळ जाऊन म्हाताऱ्यांनाच विचारले. पंधरा शहरांतले साडेचारशेहून अधिक रहिवासी बोलते झाले. चांगली सेवा म्हणजे काय, हा प्रश्न. उत्तरे कशी होती? डॉक्टर, यंत्रे, इमारत ही मागे राहिली. सगळ्यांत पुढे आले ते सेवा करणाऱ्यांचे वागणे. बोलतात कसे, घाई किती करतात, हाक मारली तर येतात का. त्याच्या पाठोपाठ जेवण, आणि आपल्या दिवसाचे आपण काही ठरवता येणे. म्हणजे ट्वायनिंगबाईंना खाटेपाशी बसून जे ऐकू आले होते, ते सव्वाशे वर्षांनी अहवालात छापले गेले.

डिसेंबर १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने नवा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाची नेमाने, ठरलेल्या नमुन्यात पाहणी करायची. मदतनिसाला निदान ७५ तासांचे शिक्षण द्यायचे. तपासनिसाने रहिवाशांशी बोलायचे. तपासणी न कळवता करायची, आणि जो कोणी आगाऊ वर्दी देईल त्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड! (आपल्या दिपोटीसाहेबांच्या काळात हे कलम असते तर किती गावांना दंड भरावा लागला असता, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.) या कायद्याचे एक ठळक फळ दिसले. पूर्वी म्हातारी माणसे पडू नयेत म्हणून त्यांना खुर्चीला, खाटेला पट्ट्यांनी बांधून ठेवायची सर्रास चाल होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शंभरातल्या चाळीसच्या आसपास रहिवाशांना असे बांधत. सेवकांच्या सोयीसाठी बांधण्याला कायद्याने मनाई झाली आणि ते प्रमाण उतरत उतरत एका आकड्यावर आले. दुखापती वाढल्या नाहीत.

पण पट्टा गेला आणि काही ठिकाणी गोळी आली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरची जबर औषधे दिली जाऊ लागली. ती अशा रोग्यांच्या जिवाला धोका वाढवतात, असा इशारा औषध-नियंत्रकांनी २००५ साली दिला होता. म्हणून सरकारने ही औषधे किती जणांना देता ते मोजायला आरंभ केला. त्यात एक सूट होती. स्किझोफ्रेनिया हा मनोविकार असलेले रोगी मोजणीतून वगळायचे, कारण त्यांना हे औषध लागतेच. झाले! ज्या रोगाची सुरुवात बहुधा तरुणपणी होते, त्या रोगाचे निदान सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या कागदावर दिसू लागले. २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी हे चव्हाट्यावर आणले आणि पुढे सरकारला ही निदानेच तपासत बसावे लागले.

ताऱ्यांचेही असेच. डिसेंबर २००८ पासून अमेरिकेत प्रत्येक शुश्रूषागृहाला एक ते पाच तारे देतात, म्हणजे घरच्या माणसांना निवड करता यावी. तीन गोष्टींवर तारे ठरत: तपासनिसाचा अहवाल, सेवकांची संख्या आणि रहिवाशांच्या प्रकृतीचे मोजमाप. पैकी मागल्या दोन गोष्टींचे आकडे घरवाले स्वतःच भरून देत. पुष्कळ घरांना तपासनिसाच्या अहवालात जेमतेम गुण आणि स्वतःच्या आकड्यांत भरघोस, असा चमत्कार वर्षानुवर्षे चालला. तेव्हा सरकारने हाजिरीवही सोडली आणि पगारपत्रक धरले. ज्याला पगार दिला तोच माणूस कामावर होता, असा साधा हिशेब. २०१८ पासून तारे पगारपत्रकावरून ठरू लागले, तेव्हा कळले की शनिवार-रविवार पुष्कळ घरांत माणसे एकदम कमी होतात. आठवडाभराच्या सरासरीत हे कधी दिसले नव्हते. म्हाताऱ्यांना विचारले असते, तर त्यांनी तेव्हाच सांगितले असते. अशा घरात कोणाचे माणूस असेल, तर त्याने भेटीला रविवारी दुपारी, न कळवता जावे. पाण्याचे भांडे त्याच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर ठेवलेले आहे का, ते आधी पाहावे.

आपल्याकडे १९४९ चा कायदा मुख्यतः दवाखाने आणि प्रसूतिगृहे यांच्या कामी आला. वृद्धांसाठी म्हणून देशाचा वेगळा कायदा २००७ साली झाला. मुलांनी आईबापांना पोटगी द्यावी, हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याचे एकोणिसावे कलम वृद्धाश्रमांचे आहे. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढावा, आणि त्याची व्यवस्था कशी असावी याची योजना आखावी, असे त्यात सुचवले आहे. त्या व्यवस्थेत औषधोपचार आणि करमणूक या दोन गोष्टींचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. तिथे राहणाऱ्याला विचारावे, असे त्या कलमात म्हटलेले नाही.